चार दिवसांचं वर्ष आणि उदेलालची हुंकारी

या, असे पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही या. खांब कुठं पळून जात नाही. माय, लेकराला मांडीवर घ्या आणि इकडं कान द्या. आज एका अशा ग्रहाची गोष्ट सांगायची आहे, ज्याचं अख्खं वर्ष आपल्या चार दिवसांत संपतं. आणि एका अशा बापाची, ज्याच्या घशातून एक 'हो' बाहेर निघायला त्याहून जास्त दिवस लागले.

तिरोड्याहून आत वळलं, धानाच्या बांध्या मागं टाकल्या, की सालईटोला लागतो. गाव लहान, पण विठोबाच्या देवळाचा सप्ताह मोठा. माघात धान घरी येऊन पडलेलं असतं, माणसं मोकळी असतात, आणि सात दिवस गावात टाळांशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

इथल्या कीर्तनाला एक वेगळी रीत आहे. दुसऱ्या गावांत टाळकरी मागं उभे राहून ध्रुपद धरतात, तेवढ्यावर भागतं. सालईटोल्यात त्यांच्या जोडीला एक हुंकारी देणारा लागतो. छत्तीसगड इथून फार लांब नाही. तिकडच्या कथेकऱ्यांची ही सवय कधीतरी इकडं आली आणि देवळात रुजली. महाराजांनी वाक्य टाकलं की यानं 'होय महाराज!' म्हणायचं. त्यांनी 'खरं की नाही?' विचारलं की 'खरं हाय, महाराज!' म्हणायचं. आणि एक नियम पक्का: वीणेसमोर दिलेली हुंकारी म्हणजे दिलेला शब्द. तो परत घेता येत नाही.

हे काम कितीतरी वर्षांपासून उदेलालकडं होतं. त्याचा आवाज असा, की त्यानं बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वस्तीतली म्हैस मान वर करायची. आणि भाव असा, की महाराज पुढं काय बोलणार हे कळायच्या आत त्याचा 'होय' तयार असायचा. एका वर्षी देवरीकडचे ईश्वरदास महाराज दानाचं निरूपण करत होते. सहज म्हणाले, "अशा भक्ताच्या गोठ्यातली कालवड देवाच्या दारी जाईल की नाही?" उदेलाल गरजला, "जाईन महाराज, जाईन!" दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष चुन्नीलाल दोर घेऊन दारात हजर. महाराज बिचारे नको नको म्हणत राहिले, पण शब्द तो शब्द. कालवड गेली. तेव्हापासून उदेलाल देवळात निघाला की त्याची बायको सुखवंता मागून ओरडायची, "तोंड सांभाळून भक्ती करजा! गोठ्यात आता एकच म्हैस उरली हाय!"

त्या साली, म्हणजे दोन हजार अकरा साली, उदेलालचं भक्तीत चित्त नव्हतं. त्याची एकुलती एक लेक ओमेश्वरी नागपुरात भौतिकशास्त्र शिकून घरी आली होती. तिला बेंगळूरच्या एका मोठ्या संस्थेनं संशोधनाला बोलावलं होतं. पाच-सहा वर्षांचं काम. काम कशाचं, तर दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या मोठमोठ्या ग्रहांचं. सोमवारपर्यंत तिला होकार कळवायचा होता.

इकडं उदेलालनं तिरोड्याच्या कॉलेजात शब्द टाकून ठेवला होता. पोरीनं सकाळी स्कुटीवर जावं, चार तास शिकवावं, दुपारी घरी येऊन गरम भात खावा. याहून सुखाचं ते काय? ओमेश्वरीनं विचारलं, "बाबा, मी जाऊ ना?" तर तो म्हणाला, "काला होऊ दे, मंग सांगतो." काला रविवारी होता. उत्तर 'नाही' आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आयुष्यभर 'होय, होय' म्हणत आलेल्या त्या तोंडाला 'नाही' उच्चारायचा सराव नव्हता, म्हणून ते लांबत होतं.

आणि काल्याच्या दिवशी सकाळी, त्याही साली कीर्तनाला आलेल्या ईश्वरदास महाराजांचा आवाज बसला.

बसला म्हणजे पार बसला. महाराजांचा मुक्काम उदेलालच्याच घरी होता. सहा दिवस कीर्तनं, त्यावर सुखवंताच्या हातचं आंबट दही, त्यावर बांधावरची बोरं. सकाळी महाराजांनी हरिनाम घ्यायला तोंड उघडलं तर आतून नुसता वारा आला. मंडपात माणसं बसलेली, दहीहंडी टांगलेली, जागेश्वरनं मृदंगाला कणीक लावून ठेवलेली. चुन्नीलाल धोतराचा सोगा धरून इकडून तिकडं करत होता.

"काल्याचं कीर्तन नाही झालं तर हंडी कशी फोडाची? आन् हंडी नाही फुटली तर जेवन कसं वाढाचं? आलू-वांगे शिजून राहिले तिकडं!"

महाराजांनी खुणेनं उदेलालला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात फुसफुसले, "एक काम करता का, उदेलाल..."

"होय महाराज!" उदेलाल गरजला. सवयच ती.

"...ओमेश्वरीला उभी करा. सहा दिवस ती रोज दुपारी मला ग्रहांचं सांगते आहे. माझ्या कीर्तनाहून गोड आहे ते."

उदेलालचा जबडा उघडा तो उघडाच राहिला. पण सगळ्या मंडपानं त्याचा 'होय' ऐकला होता, आणि दुधराम वीणा गळ्यात घालून तिथंच उभा होता.

चुन्नीलाल कुरकुरला, "महाराज, काल्याले पोट्टीनं उभं राहाचं? आन् थेबी ग्रहाचं सांगाले?"

महाराजांनी उरलासुरला आवाज गोळा केला. "आकाश कोणी केलं? देवानंच ना? मग त्याचं केलेलं सांगणं हे त्याचंच भजन."

झालं. ओमेश्वरीच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला. ती घाबरली नव्हती असं नाही, पण सहा दिवस तिनं बापाचं तोंड बघितलं होतं, त्यापेक्षा मंडप बरा. हुंकारीच्या जागेवर अर्थातच उदेलाल. घरी तो तिला 'ओमे' म्हणायचा, पण नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या माणसाला ओमे कसं म्हणायचं? त्यानं टाळ हातात घेतले आणि घसा साफ केला.

"आपला गुरू किती वर्षांत सूर्याला फेरी घालतो?" ओमेश्वरीनं सुरुवात केली.

"बारा वर्सांत, बाई!" हे उदेलालला ठाऊक होतं. पंचांग कोणाला ठाऊक नाही?

"बारा वर्षांत. आपण पृथ्वीवरची सगळी माणसं, डोंगर, समुद्र घातले तरी तो भरणार नाही, एवढा मोठा. आणि सूर्यापासून लांब, गारठ्यात. सगळे समजायचे की मोठ्या ग्रहानं असंच लांब राहायचं असतं. पण सोळा वर्षांमागं एका ताऱ्याजवळ असाच एक दांडगा ग्रह सापडला. ताऱ्याला इतका चिकटून, की त्याची फेरी चार दिवसांत पुरी होते. खरं की नाही?"

"खरं हाय, बाई!" उदेलाल म्हणाला. खरं आहे की नाही हे त्याला काय माहीत. पण लेक एवढ्या माणसांसमोर न अडखळता बोलते आहे, हे बघून आवाज आपोआप मोठा निघाला.

चुन्नीलालला राहवलं नाही. "म्हंजे चार दिवसांत गुरू साऱ्या राशी फिरून मोकळा? मंग माह्या पोट्ट्याले, टिकेशले, थ्याच ग्रहावर नेऊन ठेवतो. इथं तीन साल झाले लगन अडून, जोशी म्हनतो गुरुबळ नाही, गुरुबळ नाही!"

मंडप हसला. टिकेश उठून आचाऱ्याकडं निघून गेला.

"पन बाई, एवढ्या लांबचा ग्रह दिसला कसा?" जागेश्वरनं मृदंगावर थाप मारून विचारलं.

"दिसलाच नाही. थांबा." ओमेश्वरी गादीवरून खाली उतरली. काल्याला बाया फुगड्या खेळतातच. तिनं आपल्या आईला उठवलं आणि शेजारच्या धुरपतामावशीला. सुखवंता काडीसारखी, धुरपता अंगानं भरलेली. "खेळा फुगडी."

दोघी फिरल्या. सुखवंता वाऱ्यासारखी भोवती, धुरपता मधोमध, आपल्या जागी जरा जरा झोके घेत.

"आता समजा, अंधार आहे आणि आई दिसतच नाही. फक्त मावशी दिसते. तर काय दिसेल?"

"धुरपता एकटीच झुलून राहिली!" कोणीतरी ओरडलं. "भूत लागलं म्हनू आमी!"

"तुह्या घरी लागलं भूत!" धुरपता फिरता फिरता म्हणाली.

"तसंच," ओमेश्वरी हसत पुन्हा गादीवर चढली. "तारा जागच्या जागी झुलताना दिसला, म्हणून कळलं की कोणीतरी त्याचे हात धरून फिरतंय. किती वेळात झुलतो त्यावरून वर्ष कळलं, किती झुलतो त्यावरून वजन. खरं की नाही?"

"खरं हाय, बाई, खरं हाय!" आता उदेलालच्या छातीत काही मावेना. त्यानं बाजूला बघितलं. महाराज डोळे मिटून डोलत होते. आणि त्याच्या मनात एक गोष्ट चमकली. मोठा ग्रह, पण ताऱ्याला चिकटून राहतो! लांब गारठ्यात जात नाही! विद्या तर आपल्याच बाजूची निघाली. त्यानं विचारलं नसताना एक जादा हुंकारी ठोकून दिली. "जवळच राहावं, बाई! जवळ राहन्यातच सुख हाय!"

ओमेश्वरीनं बापाकडं बघितलं. मंडपानंही बघितलं. गाव लहान, कोणाच्या घरी काय शिजतं ते सगळ्यांना ठाऊक.

"आता जवळ राहिल्यावर काय होतं ते ऐका," ती हळू म्हणाली. "इतक्या जवळ राहून ग्रहाचं एकच तोंड कायम ताऱ्याकडं होऊन जातं. मान वळवायची सोय नाही. एका अंगाला कधी रात्र नाही, दुसऱ्या अंगाला कधी सकाळ नाही. खरं की नाही?"

"खरं... हाय, बाई."

"तापून तापून तो फुगतो. त्या हंडीतल्या लाह्या बघा, दाण्याहून केवढ्या मोठ्या. तसा. दिसायला गुरूहून मोठा, आतून विरळ. आणि धान उपणताना कोंडा उडतो ना, तशी त्याची वरची हवा उडत राहते. मागं शेपटासारखी लांबते. खरं की नाही?"

"हाय," उदेलाल म्हणाला.

"जोरानं, उदेलाल!" चुन्नीलाल ओरडला. "मांगच्या लोकायले आयकू नाही आलं!"

"खरं हाय, बाई!"

"अशा ग्रहाच्या शेजारी बहुतेक दुसरा ग्रह सापडत नाही. एकटाच असतो. आणि कोणी कोणी फिरता फिरता हळूहळू आणखी आत सरकतो. तारा त्याला मुद्दाम नाही ओढत. ताऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण शेवटी गिळून टाकतो. खरं..."

ती थांबली. उदेलालच्या हातातले टाळ खाली आले होते. त्याच्या डोळ्यांपुढं तिरोड्याचा रस्ता होता, स्कुटी होती, ताटात वाफाळता भात होता, आणि त्या ताटासमोर खाली मान घालून बसलेली पोरगी. गेले सहा दिवस ती तशीच बसत होती. तिला बरं वाटत नसेल असं समजून त्यानं सुखवंताला हळदीचं दूध द्यायला सांगितलं होतं.

आता पुढचा प्रश्न काय, हे मंडपात कोणाला सांगायला नको होतं. मला जाऊ द्यावं की नाही, एवढंच तिनं विचारायचं. हुंकारी देणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही. सालईटोल्यात तशी रीतच नाही. सुखवंता बायकांतून डोळ्यांनी खुणावत होती, विचार, विचार ना गं! चुन्नीलालसुद्धा पुढं सरकून बसला. कालवडीच्या वेळी केला होता तसाच चेहरा करून.

ओमेश्वरीनं वीणेकडं बघितलं, मग बापाकडं. आणि मान हलवली.

"एक प्रश्न उरला आहे. पण तो मी इथं विचारणार नाही. वीणेसमोर बाबांना अडवून शब्द काढायचा, तर मग मी ताऱ्याहून काय वेगळी? तो प्रश्न घरी विचारीन. ते 'नाही' म्हणाले तरी चालेल अशा जागी." तिनं हात जोडले. "माझं कीर्तन संपलं."

मृदंग थांबला. आचाऱ्याच्या कढईत बुंदी पडलेली ऐकू आली.

सुखवंतानं कपाळावर हात मारला. "हातची संधी गेली," ती धुरपताच्या कानात म्हणाली.

उदेलाल उभा होता. सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. खरं तर वाटलंही, एखादा क्षण. पण मग काहीतरी मोकळं मोकळं, उघडं उघडं वाटायला लागलं. आजवर कोणीही त्याला उत्तरासाठी मोकळं सोडलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला, आणि सालईटोल्याच्या देवळात कधी झालं नव्हतं ते झालं. हुंकारी देणाऱ्यानं प्रश्न विचारला.

"काऊन वो बाई, ते मोठे ग्रह जवळच जन्मले होते का?"

"नाही, बाबा. बहुतेक लांबच जन्मले असावेत, गारठ्यात. ताऱ्याच्या इतक्या जवळ एवढा मोठा जीव वाढायला सामानच मिळत नाही, असं समजतात."

"मंग आले कोन्या वाटेनं?"

"वाटा दोन-तीन सांगतात. कोणी लहानपणीच, भोवतीच्या वायूतून घसरत घसरत आत येतो. पण कोणाला दुसऱ्या मोठ्या ग्रहाचा धक्का बसतो, आणि त्याची वाट लांबट होते. काकडीसारखी. तसाही एक सापडला आहे. साडेतीन-पावणेचार महिन्यांची फेरी. त्यातले बहुतेक दिवस तो लांब असतो. मग एकाएकी येतो तो पार ताऱ्याच्या अंगणात. तापतो, लाल होतो, आणि पुन्हा लांब."

"पन येतो नक्की?"

"नक्की येतो. दर फेरीला."

"तारा त्याले दोर बांधून ठेवते का?"

"दोर नाही. तारा नुसता असतो, आपलं वजन घेऊन. तेवढ्यानं तो येतो."

उदेलाल विचारात पडला. जागेश्वरनं मृदंगावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"आन् पुढं?"

"पुढं, दर वेळी जवळून जाताना त्याच्या वाटेची लांबी थोडी थोडी कमी होते. होता होता वाट गोल होते आणि तो जवळच राहतो."

"हां!" उदेलालचा चेहरा उजळला. "म्हंजे शेवटी जवळ येतेच!"

"बाबा, त्याला कोट्यवधी वर्षं लागतात."

"येवढा टाइम तर माह्याजवळ नाही," उदेलाल म्हणाला. "पन थांबतो. जमन तेवढा थांबतो."

मंडपात कोणीतरी हसलं, तसं शेजारच्यानं त्याला कोपर मारलं.

उदेलालनं टाळ उचलले. वीणेकडं तोंड केलं. आवाज पलीकडच्या वस्तीतली म्हैस मान वर करील असा निघाला.

"होय, बाई!"

चुन्नीलाल गोंधळला. "कायले होय, बाप्पा? बाईनं तर काही विचारलंच नाही!"

"तिनं नाही विचारलं," उदेलाल म्हणाला. "म्या आयकलं. पोट्टी बेंगळूरले जाईन. लांबट वाटेनं जाईन आन् काल्याले आंगणात येईन. वीणेसमोर बोलून राहिलो. खरं की नाही?"

क्षणभर कोणालाच कळेना. प्रश्न हुंकारी देणाऱ्यानं विचारला, मग हुंकारी द्यायची कोणी? पहिला आवाज निघाला तो बसलेल्या गळ्याचा, फुटक्या पिपाणीसारखा. महाराजांचा. "खरं हाय!" आणि मग अख्ख्या मंडपाचा, "खरं हाय! खरं हाय!" जागेश्वरनं दोन्ही हात सोडले, टाळ उसळले, विठ्ठलनामाचा गजर झाला. ओमेश्वरी गादीवर उभी राहून हाराच्या फुलांत तोंड लपवून रडत होती, आणि सुखवंता पदरानं डोळे पुसत नवऱ्यावर ओरडत होती, "आता आली का तिले चार दिवस तुमच्याच तोंडासमोर नका बसवून ठेवजा! नाहीतर वाफ होऊन उडून जाईन पोट्टी!"

"होय," उदेलाल म्हणाला. सवयच ती.

हंडी फुटली. दही-लाह्यांचा काला हातोहात वाटला गेला. चुन्नीलालनं दोनदा घेतला आणि ओमेश्वरीला बाजूला नेऊन हळूच विचारलं, बेंगळूरकडं टिकेशजोगी एखादी पोरगी असली तर नजरेत ठेवशील का. सोमवारी तिचा होकार गेला.

पुढच्या माघात ती आली. तापलेली, वाळलेली, तोंडात कानडी शब्द, आणि झोळीत बापासाठी बेंगळूरची कॉफी, जी त्याला एका घोटात नकोशी झाली. चार दिवस राहिली, गेली. त्याच्या पुढच्या माघातही आली. वाट काही गोल झाली नाही अजून. उदेलाल काल्याच्या दिवशी पहाटेच आंघोळ करून अंगणात खाट टाकून बसतो. कोणी विचारलं तर म्हणतो, ऊन खाऊन राहिलो.

मायबापहो, गोष्ट एवढीच. तुमच्याही घरी कोणी असेल, ज्याला जायचं आहे आणि जो तुम्हाला अडवून विचारत नाही. त्याचा न विचारलेला प्रश्न तुमच्या कानावर आला, आणि 'हो' घशाशी येऊन अडकला, तर त्या वेळी सालईटोल्याच्या उदेलालची आठवण ठेवा. तेवढी ठेवाल ना?